देवकाने न बोललेला नवस

देवका,

तेरवी आटोपली. पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, मंडपवाला खुर्च्या भरून घेऊन गेला. आता मी तुझ्याशी निवांत बोलू शकते. आणि पहिल्यांदाच तू हात वर करून "वयनी, बस. बाकीचं दुपारी सांग" असं म्हणणार नाहीस. याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे. आधीच सांगून ठेवते.

तेरवीच्या जेवणात तुझ्याबद्दल पुष्कळ चांगलं ऐकलं. निम्मं खोटं होतं. "फार शांत होती बिचारी." शांत? शाळेच्या झेंडावंदनाला ज्या बाईनं भाषण संपल्या संपल्या सरपंचाला तोंडावर सांगितलं, "मागच्या वर्षीचंच होतं, फक्त जास्त लांब," ती शांत? मी मान डोलावत राहिले. तू असतीस तर तिथंच पंगतीत उभी राहून दुरुस्ती केली असतीस, आणि लोकांनी तुझं नाही, माझं तोंड पाहिलं असतं. कारण तुझ्या खरेपणाचे चटके नेहमी मलाच सोसावे लागले. म्हणजे मला तसं वाटायचं. मी तेव्हा फार हुशार होते ना.

किती हुशार, ते तुला माहीत आहे, पण मला पुन्हा सांगू दे. मी गोंदियाची, मॅट्रिक पास, हिंदी फाडफाड बोलणारी. आमगावच्या अलीकडच्या या गावात सून म्हणून आले, तेव्हा तू फ्रॉक घालायचीस. रीतीनं मी तुला 'बाई' म्हणायला हवं होतं. मी 'देवका'च म्हणाले. सासूबाईंनी डोळे वटारले. तू म्हणालीस, "बरोबरच म्हणते. नाव देवकाच हाये." त्या दिवशी मला वाटलं, ही पोरगी माझ्या बाजूची. तू कुणाच्याच बाजूची नव्हतीस. नाव खरोखरच देवका होतं, एवढंच.

गोंदिया जिल्हा झाला त्या वर्षी मामंजी गेले. तोवर तुझ्यावर त्यांची सावली होती. तुझं लग्न झालं नाही, तू कुणाच्या मांडवात गेली नाहीस, कुणाच्या पाया पडली नाहीस. कुणी विचारलं की ते एवढंच म्हणायचे, "तिले राहू द्या." मालगुजाराच्या काळचा आवाज होता त्यांचा. पुढं प्रश्न येत नसे.

ते गेले आणि अख्खी आप्तमंडळी तुझ्या गळ्यात पडायला आली. आपल्याकडे मयतीच्या घरची रीतच तशी. आलेली बाई घरच्या बाईच्या गळ्यात पडते, हेल काढून रडते, रडता रडता मेलेल्याचे गुण गाते, दोघींचे खांदे भिजतात. मग पदरानं डोळे पुसून ती विचारते, "औंदा धान कसं हाये?" मला स्वतःला ती रीत आवडते. हलकं वाटतं. पण तू लेक. पहिला मान तुझा. बालाघाटकडची एक आत्या दारातूनच हंबरडा फोडत आली, तुला कवटाळलं, आणि तू तिला असं ढकललंस की ती तुळशीच्या ओट्यावर जाऊन बसली. मग दोन्ही कानांवर हात ठेवून तू धानाच्या कोठीत गेलीस आणि आतून कडी लावलीस.

"बाप मेला, डोळ्यात पाणी नाही, अन् वरून आत्याले ढकलते!"

"नाटकं हायेत सारी."

"पागल हाये. बापानं झाकून ठेवली होती."

हे शेवटचं काकाजी बोलले, मामंजींचे चुलतभाऊ. आता घरात वडील माणूस तेच. संध्याकाळपर्यंत त्यांनी ठरवूनही टाकलं. दूर कुठंतरी एक आश्रम आहे, निराधार बायकांना ठेवून घेतात, तेरवी झाली की तुला तिथं पोचवायचं. तुझा भाऊ, म्हणजे आमचे हे, खाली मान घालून बसलेले. ते माणूस म्हणून सोनं होते, पण काकाजींसमोर मेण.

आणि तेव्हा मी तोंड उघडलं. कुणी सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आतून आपोआप निघालं, "तिनं नवस बोलला आहे देवीला. बाबांना यातना न होता मरण येऊ दे म्हणून. आता ती कुणाला हात लावणार नाही, कुणी तिला लावायचा नाही."

बालाघाटच्या आत्यानं तुळशीच्या ओट्यावरूनच हात जोडले.

मामंजी झोपेतच गेले होते, म्हणजे नवस फळलाही होता! माझ्या थापेला पुरावा आधीच तयार होता. काय सांगू, मला माझाच इतका अभिमान वाटला की सासऱ्यांच्या दुखवट्यात मी पदराआड हसत होते, आणि बाया म्हणाल्या, "सुनेले किती लागलं पाहा."

नवस अर्धवट मोडायचा नसतो, मोडणाऱ्याचं वाईट होतं. आश्रमाचा विषय संपला. पुढं मी गरजेप्रमाणे कलमं वाढवत गेले. तिच्यासमोर हेल काढून रडायचं नाही. तिला पंगतीत बसवायचं नाही. तिच्या अंगणाच्या बाजूला मंडईच्या जत्रेचा भोंगा लावायचा नाही. एखाद्या बाईनं विचारलं, "हे कधी ठरलं?" की मी म्हणे, "देवीनं सांगितलं." देवीनं त्या दहा-अकरा वर्षांत माझ्यामार्फत जेवढं सांगितलं, तेवढं कुठल्या पुजाऱ्यामार्फतही सांगितलं नसेल.

तू मात्र पहिल्या दिवसापासून भांडलीस. "मी नाही बोलली नवस."

"अगं, म्हण ना हो."

"नाही बोलली त कशी म्हणू?"

आणि कुणी समोरून विचारलं, "देवकाबाई, नवस बोल्ला का वं तुमी?" की तू स्पष्ट सांगायचीस, "नाही. वयनी खोटं बोलते." मी मेल्याहून मेली व्हायचे. पण आपल्या बाया! त्या एकमेकींकडे पाहून माना डोलवायच्या. "खरा नवस बोलणारी कबूल नाही करत." तू जितकं नाकारशील तितका नवस घट्ट होत गेला. धानाची रोवणी सुरू व्हायच्या आधी उंबऱ्यावर नारळ दिसू लागले. एकदा कुणीतरी आजारी शेळी आणून बांधली. तू ती सोडलीस आणि तिच्यामागोमाग तिच्या घरापर्यंत गेलीस, म्हणून तर आणखीच बोलबाला झाला. शेळी बरी झाली, यात माझा काही दोष नाही.

तुला त्यात काय होत होतं, ते मला दिसलं नाही. लोक दबून वागत होते, तू घरात होतीस, मी खूश होते. तू मात्र कोठीत बसण्याचं प्रमाण वाढवत होतीस. मंगल कार्यालय झालं, डीजे आले. डीजे काही माझी देवी मानत नव्हते. तू जेवण सोडलंस. नवी साडी अंगाला सहन होईना, दिवसचे दिवस एकच जुनं पातळ. तेव्हा नागपूरला दिलेली माझी लेक आली, तुला पाहिलं आणि म्हणाली, "आई, हे नवसाचं नाही. आत्याला डॉक्टरकडे नेऊ."

नागपूरची डॉक्टरीणबाई तरुण होती. तुझ्याशी बोलली, पुन्हा बोलावून बोलली, मला तुझं लहानपण विचारलं. मी नवस सोडून सगळं सांगितलं. तो तू सांगितलास. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या नणंदबाईंना ऑटिझम आहे."

मी म्हटलं, "या वयात?"

"या वयात झाला नाही. या वयात कळला. जन्मापासून आहे."

"औषध काय?"

"औषध नाही. आजार नाही तो. त्यांच्या मेंदूची ठेवणच तशी आहे. आवाज, स्पर्श त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी तीव्र लागतात. आधार लागेल. कशाचा त्रास होतो, ते भोवतालच्या माणसांना ठाऊक पाहिजे."

मी रडायच्या बेतात होते. हेल तयार होता. आणि तू हसत होतीस. तुला असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं, दात दिसत होते. म्हणालीस, "म्हणजे मी नाटक करत नवती."

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली, "अजिबात नाही."

रस्त्यावर आलो, तू पुन्हा म्हणालीस, "नाटक नवतं." ऑटोत बसलो, तू ऑटोवाल्यालाही सांगितलंस, "नाटक नवतं ते." तो म्हणाला, "अच्छा, माँजी." पन्नाशी गाठलेल्या बाईवरचा एक जन्मभराचा आरोप एका शब्दानं उतरला होता, आणि मला वाटत होतं, हे अपशकुनी नाव आपण गावाला कसं कळू देणार नाही!

आधार शोधायला आपण दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं सांगितलेल्या जागी गेलो. रंगीत भिंती, चेंडू, झोपाळे. आयांची रांग. दारातल्या मुलीनं मला विचारलं, "बाळ कुठाय?" मी तुझ्याकडे बोट दाखवलं. ती बिचारी गोंधळली. "मोठ्यांसाठी इथं काही नाही हो, काकू. मोठ्यांसाठी अजून कुठंच फारसं नाही." तोवर तू झोपाळ्यावर बसली होतीस. डोळे मिटून, एका लयीत. एक लहानसा मुलगा तुझ्या शेजारच्या झोपाळ्यावर, तोही तसाच. त्याची आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "त्यांना विचारता का, माझा मुलगा भाकरी का खात नाही?" मी विचारलं. तू डोळे न उघडता म्हणालीस, "खरखर लागत असंल. भात द्या." ज्या जागी तुझ्यासाठी काही नव्हतं, तिथून तू दुसऱ्याला देऊन निघालीस.

परतीच्या गाडीत आपलं भांडण झालं. आठवतं? गोंदिया येईपर्यंत एक, आणि आमगावच्या पॅसेंजरमध्ये दुसरं.

तू म्हणालीस, "भोवतालच्या माणसाले सांगाचं, असं त्या बाईनं सांगितलं. माझ्या भोवताली गाव हाये. गावाले सांगू."

मी म्हटलं, "खबरदार! नवस आहे म्हणून हात जोडतात. हे सांगितलंस तर काकाजी तेच म्हणतील, पागल. आश्रम अजून बंद पडलेला नाही."

"पण खरं हाये ना."

"खरं घेऊन काय लोणचं घालायचंय? माझ्या थापेनं तू घरात राहिलीस, देवका."

तू खिडकीबाहेर बघत होतीस. तिकडेच बघत म्हणालीस, "तुह्या नवसानं मी देवी झाली, वयनी. माणूस नाही झाली. देवीसंग कोणी बोलत नाही. नारळ ठेवते अन् जाते."

पण माझी बाजू मी सोडलेली नाही, हे लक्षात ठेव. थाप चांगली होती. तू जिथं असशील तिथून नाही म्हण, मी इथून हो म्हणते.

लोकांना गोळा करायचं तर जेवण पाहिजे. मी घरोघर निरोप दिला, "देवकाला काही सांगायचं आहे, जेवायला या." बस, एवढंच. एवढंही मी कधी नव्हे ते खरं सांगितलं, आणि गावानं त्याचा अर्थ आपल्या आपण लावला. जेवण आहे, म्हणजे नवस फिटला! नवस फिटला, म्हणजे आता हात लावायला मोकळीक!

बरबटीचे वडे तळून होत होते आणि मला अंगणातून गलका ऐकू आला. बाहेर येऊन पाहते तर नव्या साड्या नेसून, हळदीकुंकू घेऊन अख्खी आळी उभी. आणि सगळ्यांचे हात पसरलेले. दहा-अकरा वर्षं तुंबलेल्या गळाभेटी, देवका! मामंजींच्या, सासूबाईंच्या, मधल्या सगळ्या मयतींच्या. पुढच्या रांगेतल्या एकीनं हेल काढायला श्वासही घेतला होता. आणि तू ओट्यावर भाताच्या पितळी गंजामागे, हातात मोठा झारा. तुझ्या पाठीमागे कोठीचं दार उघडं होतं. मला वाटलं, संपलं. आता ही आत जाणार, कडी लावणार, आणि काकाजी घसा खाकरणार.

तू गेली नाहीस. झारा आडवा धरलास आणि बोललीस. तुझा आवाज चढतही नव्हता, उतरतही नव्हता, रेडिओवर धानाचे भाव सांगतात तसा.

"थांबा. तिथंच थांबा. मी नवस बोलली नवती. वयनी खोटं बोलली. माझं डोकं जन्मापासून येगळं हाये. डॉक्टरनं त्याले नाव देल्लं, ऑटिझम. मी पागल नाही. कोणी अचानक हात लावला त मले चटका बसल्यावानी होते. मोठ्यानं रडलं त कानात सळई गेल्यावानी होते. बाबा मेले तवा मले दुःख झालं. मले रडता नाही आलं, पण झालं. मी कोणाले ढकलाले नाही ढकलत. पहिले विचारा. मी हो म्हणन त लावा, नाही म्हणन त नका लावू. मले या गावातच राहाचं हाये. तुमाले चालते का?"

हात हवेतच. मी काकाजींकडे बघत होते. ते काठी टेकत उठत होते.

"चालते का, ते सांगा," तू म्हणालीस. "तोंडावरून मले समजत नाही. बोलून सांगा."

मागून आवाज आला, "चालते." कौतिकाबाई. आपल्या रोवणीच्या बायांची पुढारी, बौद्धवाड्यातली. "मले त पहिलेपासूनच चालते. आमी कुठं नवस मानतो वं? तुले हात लावलेला आवडत नाही, हे त धानाच्या बांधीत उभं राहून बी दिसते. आता वाढ. भात थंडा होऊन राहिला."

हशा पिकला. मी सुटले असं मला वाटलं. पण तू कुठली सोडतेस! "ते कौतिकाचं झालं. बाकीच्याईनं सांगा." आणि झारा एकेकीकडे करत गेलीस. खरंच सांगते, मी इलेक्शनं पाहिली, ग्रामसभा पाहिल्या, पण असं मतदान नाही पाहिलं. "चालते." "चालते ना बाई." "मले काऊन नाही चालन?" एक म्हणाली, "चालते, पण मंग माह्या शेळीचं काय?" तू म्हणालीस, "शेळी आपोआप बरी झाली." "बरं बाप्पा. चालते." एक जण मात्र रागावून निघून गेली, तिचे नारळ फुकट गेले होते. तू तिला थांबवलं नाहीस. शेवटी झारा काकाजींवर आला. म्हाताऱ्यानं काठीवर भार देऊन तुझ्याकडे बघितलं. मामंजींशिवाय या घरात कुणी त्यांना असं सरळ विचारलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिच्यापेक्षा तू जास्त पागल हायेस, सूनबाई. इतके वर्ष देवीच्या नावानं..." आणि तुला म्हणाले, "चालते."

मग तू वाढायला घेतलंस.

मला तोवर वाटायचं, आधार कुठंतरी असतो, नागपूरला, पुण्याला, एखाद्या पाटीमागे, आणि तो आपल्याला मिळत नाही. तू तो आपल्या अंगणात उभी राहून मागून घेतलास, एकेका तोंडातून, बोलून घेतलास. माझं धाडस बघ आणि तुझं बघ. मी काकाजींना टाळायला देवी उभी केली. तू काकाजींना विचारलंस.

त्यानंतर बाया येऊ लागल्या. नारळ नव्हता हातात, म्हणून बसू लागल्या. "देवका, लावू का हात?" "नाही." "बरं." तुला ते 'नाही' म्हणायला इतकं आवडायचं, की काही जणी मुद्दाम विचारायच्या. भोंगेवाला आधी येऊन सांगून जायचा, किती वाजता वाजणार. तेवढंही तुला पुरायचं; कधी ते कळलं की तू तयारी करायचीस. सगळं गोड नव्हतं. काही पोरं खिदळायची, डीजे वाजतच राहिले, आणि तुझे वाईट दिवस वाईटच असायचे. पण कोठीच्या दाराला आतली कडी लागणं कमी झालं. त्या डॉक्टरीणबाईनं पुढं एकदा विचारलं, "मोठ्यांसाठीचा तुमचा गट कसा चालतो?" तू म्हणालीस, "गट नाही. गाव हाये."

एकदा मी तुला विचारलं होतं, "देवका, मी तुला आवडते का गं?" तू विचार केलास. "सकाळी नाही. सकाळी तू लय बोलतेस. दुपारी आवडते." इतकं सच्चं प्रेम मला कुणी दिलेलं नाही. आमच्या यांनी तर उभ्या जन्मात 'हो, हो' म्हणून वेळ मारून नेली.

आणि आता ते सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

तू गेलीस त्या सकाळी तुला न्हाऊ घालायचं होतं. पाटावर ठेवलं, हळद कालवली, पाणी आणलं, आणि भावकीतल्या बाया नुसत्याच उभ्या राहिल्या. एकीचाही हात पुढं होईना. भीती नव्हती ती, सवय होती. मी कौतिकाला हाक मारली. भावकीतल्या एकीनं काही बोलायला तोंड उघडलं, मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मिटलं. कौतिका आली, तुझ्याजवळ खाली बसली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "देवका, हात लावू का वं? पाणी कोमट हाये."

आणि थांबली. खरंच थांबली, देवका. तू उत्तर द्यायला जेवढा वेळ घ्यायचीस तेवढा. आणि तिच्यासोबत आम्ही सगळ्या थांबलो. कुणी हुंदका दिला नाही, कुणाचं काकण वाजलं नाही. देवळात मी पुष्कळ वेळा हात जोडून उभी राहिले आहे, पण असं उभं राहणं मला ठाऊक नव्हतं. मग तिनं हात लावला. आणि मग एकेक जण पुढं आली, प्रत्येकीनं आधी विचारलं, प्रत्येक जण थांबली.

माझा नंबर आला. मी पाणी ओतलं. हात नाही लावला. मी विचारूच शकले नाही. इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून भाज्या निवडल्या, एका पाट्यावर मसाला वाटला, आणि रोज मनात यायचं, एकदा हिला जवळ घ्यावं. आळीतल्या सगळ्या बायांनी तुला कधी ना कधी विचारलं होतं. मीच नाही विचारलं. तू खरं सांगितलं असतंस, आणि मला 'नाही' ऐकायचं नव्हतं. आता वाटतं, दुपारी विचारायला हवं होतं.